लॅपटॉपवर पास, लॅबमध्ये फेल: एनएफएसवर फाइल-टेस्ट का अडखळतात

होम डिरेक्टरी सर्व्हरवर आणि पीसी नुसते एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणारी पद्धत) क्लायंट, अशी मांडणी असलेल्या लॅबमध्ये एक तक्रार दर सेमिस्टरला नव्याने उगवते. फाइल उघडणं, पुसणं, लॉक करणं, वेळ तपासणं यांच्या टेस्ट लॅपटॉपवर हिरव्या आणि लॅबमध्ये लाल. तीच टेस्ट पुन्हा चालवली तर कधीकधी पासही होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांच्या लॅब असोत की उद्यमबागेतली पाच-सात जणांची ऑफिसं, कारणं ठरलेलीच असतात. त्यांतली बरीचशी लोकल डिस्कच्या सवयीतून टेस्टने गृहीत धरलेल्या गोष्टींत दडलेली असतात.

आज्ञा, पर्याय आणि एररची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमनमध्येच द्यायची. एरर-क्रमांक लिनक्सचे आहेत.

लाल टेस्ट दिसल्याबरोबर 'एनएफएस असेल तर वगळा' अशी ओळ टाकायचा मोह होतो. आधी ती टेस्ट कशाची आहे ते बघा. फाइल कुठे आहे याच्याशी जिला देणंघेणं नाही, ती सरळ लोकल डिस्कवर हलवायची. जी लोकल डिस्कचं वागणं गृहीत धरते, ती सैल करायची. उरतात त्या थोड्याच, पण मोलाच्या: त्या कोडमधली खरी चूक दाखवत असतात. सगळ्यांना एकाच ओळीने वगळलं की ही तिसरी रास हातची जाते.

फाइल नेमकी कुठे आहे?

टेस्ट जिथे लिहिते त्या डिरेक्टरीत जाऊन 'स्टॅट -एफ -सी %टी .' चालवा (टी स्मॉल). उत्तर ६९६९ आलं तर ते एनएफएस. हेक्समधला हा आकडा कर्नलने एनएफएसला दिलेली ओळख आहे. टेस्टच्या कोडमधूनही स्टॅटएफएस कॉल करून हाच आकडा मिळतो. एखादी टेस्ट वगळायचीच असेल तर पाथच्या नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा या आकड्यावरून वगळा.

मग 'एनएफएसस्टॅट -एम'. एफएसटॅबमध्ये (काय, कुठे माउंट करायचं याची फाइल) काय लिहिलंय ते बाजूला ठेवा. प्रत्यक्षात लागू झालेले पर्याय इथे दिसतात. व्हर्जन (३ की ४.२), हार्ड की सॉफ्ट, एसी-ने सुरू होणाऱ्या वेळा (फाइलची माहिती किती वेळ जवळ ठेवायची ते) असतील तर त्या, आणि लोकल_लॉक, एवढं टिपून ठेवा. सॉफ्ट दिसलं तर पुढची तपासणी थांबवून आधी हार्ड करा. सॉफ्ट माउंटवर सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही की प्रोग्रॅमला ईआयओ (५), म्हणजे वाचन-लेखनाचा एरर, मिळतो आणि अर्धवट लिहिलेला डेटा तसाच राहू शकतो. अशा माउंटवरच्या निकालाला काही अर्थ नाही. हार्ड माउंट वाट बघतं. टीसीपीवर टाइमओ, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, हिचा डिफॉल्ट ६००, म्हणजे ६० सेकंद, कारण हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. त्यामुळे नेटवर्क-स्विचची वीज गेली तर टेस्ट लटकलेली दिसेल, कंट्रोल-सीलाही दाद देणार नाही. स्विच परत आला की ती पुढे चालू लागते. मारायचीच असेल तर किल -९.

लोकल डिस्कवर हलवणं

'एक्सपोर्ट टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी' केलं की पायथनचं टेम्पफाइल, पायटेस्टचं टीएमपी_पाथ आणि गोचं टी.टेम्पडिर तिन्ही तिकडे वळतात. गो भाषेच्या स्वतःच्या ओएस पॅकेजच्या टेस्टमध्येही एनएफएस टाळून लोकल फाइल सिस्टिम वापरण्याची तजवीज पूर्वीपासून होती, तेव्हा यात कमीपणा काही नाही. /टीएमपी ऐवजी /व्हार/टीएमपी सुचवलं, कारण काही वितरणांत /टीएमपी हे रॅममधलं टीएमपीएफएस असतं. तिथे मोठ्या फाइलींच्या टेस्ट रॅम खातात आणि त्यांचं वागणंही खऱ्या डिस्कसारखं नसतं.

एवढं करूनही टेस्ट लाल राहिली तर ती चालू डिरेक्टरीत लिहीत असणार. प्रोजेक्ट होममध्ये, होम सर्व्हरवर, आणि टेस्टमध्ये 'आउट.टीएक्सटी' असं नुसतं नाव. टीएमपीडीआयआरने यात काही बदलत नाही. एसक्यूलाइटची फाइल तर अशी हमखास मागे राहते. एसक्यूलाइटचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग-फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालत नाही, कारण त्याला सगळ्या प्रोसेसमध्ये सामाईक मेमरी लागते. ती फाइल लोकलच ठेवा. इथे जुळवून घेण्यासारखं काही नाही.

.एनएफएस००००… नावाची फाइल आणि न पुसली जाणारी डिरेक्टरी

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार ही. टेस्ट संपते, साफसफाईत आरएमट्री (पूर्ण डिरेक्टरी पुसणारं फंक्शन) चालतं आणि ईबिझी (१६) किंवा ईनॉटएम्प्टी (३९) येऊन फेल होतं. डिरेक्टरीत बघितलं तर .एनएफएस आणि पुढे लांबलचक आकडे असलेली फाइल.

लोकल डिस्कवर उघडी फाइल पुसली तर नाव जातं, पण शेवटचा हँडल (उघड्या फाइलचा प्रोग्रॅमकडचा दुवा) बंद होईपर्यंत मजकूर राहतो. कोणत्या क्लायंटवर कोणी काय उघडून बसलंय हे एनएफएसच्या सर्व्हरला जुन्या व्हर्जनांत कळतच नव्हतं. म्हणून क्लायंट युक्ती करतो: उघडी फाइल पुसायला सांगितली की तिचं नाव बदलून .एनएफएस… करतो आणि हँडल बंद झाल्यावर खरं पुसतो. याला सिली रिनेम म्हणतात. व्हर्जन ४ मध्ये उघडल्याची नोंद सर्व्हरकडे असते, तरी लिनक्सचा क्लायंट हेच करतो.

यातून तीन अपेक्षा मोडतात. पुसल्यावर डिरेक्टरी रिकामी नसते. पुसलेल्या पण उघड्या फाइलवर एफस्टॅट केलं तर लिंक-संख्या ० ऐवजी १ येते. आणि आरएमट्री त्या .एनएफएस फाइललाच पुसायला जातं तेव्हा ती अजून उघडी असल्याने ईबिझी मिळतो.

उपाय क्रमाने करा. आधी 'एलसॉफ +डी' (डी कॅपिटल) त्या डिरेक्टरीवर चालवा आणि फाइल कोणी धरून ठेवलीय ते बघा. बहुतेक वेळा ती टेस्टचीच असते: बंद न केलेला हँडल, न संपलेली चाइल्ड प्रोसेस, लॉगरने उघडी ठेवलेली लॉग-फाइल, किंवा एममॅप. तिथे चूक कोडची. आधी बंद करा, मग पुसा. चाइल्ड प्रोसेस मारल्यावर वेट करायला विसरू नका. ती खरोखर संपेपर्यंत तिचे हँडल उघडेच. उघडी फाइल पुसणं हाच टेस्टचा विषय असेल, तर लिंक-संख्येची अट सोडा, हँडलवरून मजकूर अजून वाचता येतो एवढंच तपासा आणि यादी करताना .एनएफएसने सुरू होणारी नावं गाळा. साफसफाईत एरर गिळून टाकणारा पर्याय लावणं सर्वांत वाईट. डिरेक्टऱ्या साचत जातात आणि महिन्याभराने कोटा भरतो.

क्लायंट मध्येच बंद पडला तर .एनएफएस फाइल सर्व्हरवर अनाथ राहते. आठवडाभर जुन्या अशा फाइली सर्व्हरवर फाइंडने शोधून काढून टाकता येतात.

हे सगळं एकाच क्लायंटपुरतं. फाइल एका पीसीवर उघडी आणि दुसऱ्याने पुसली, तर नाव बदलण्याची युक्ती होत नाही; पहिल्याला पुढच्या वाचनात ईस्टेल (११६), म्हणजे जवळचा हँडल आता सर्व्हरवर चालत नाही असा एरर, मिळू शकतो. दोन क्लायंट गृहीत धरणाऱ्या कोडने ईस्टेलवर पाथ पुन्हा उघडून एकदा प्रयत्न करायला हवा. सर्व्हर रीबूट झाल्यावर सगळ्यांनाच ईस्टेल येत असेल तर कारण वेगळं: यूएसबी किंवा बाहेरच्या डिस्कचं डिव्हाइस-नाव बदललं असेल. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (क्लायंटना दिलेल्या डिरेक्टऱ्यांची, म्हणजे एक्सपोर्टची, यादी) त्या ओळीला एफएसआयडी, म्हणजे कायमची ओळख, ठरवून द्या.

'फाइल लिहिलीय, पण दिसत नाही'

दोन मशिनमधल्या टेस्टचं हे दुखणं. एक लिहितो, दुसरा दर सेकंदाला स्टॅट करून बघतो, आणि दहा सेकंदांचा टाइमआउट संपतो.

क्लायंट फाइलची माहिती जवळ, कॅशेत, धरून ठेवतो: फाइलींसाठी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६० सेकंद, डिरेक्टऱ्यांसाठी ३० ते ६०. एनएफएस हमी देतं ती एवढीच, की लिहिणाऱ्याने फाइल बंद केली आणि त्यानंतर वाचणाऱ्याने उघडली तर नवा मजकूर दिसेल. नुसतं स्टॅट करत राहणारा या हमीत बसत नाही. टेस्ट तशी लिहा: लिहिणाऱ्याने क्लोज करून मगच इशारा द्यायचा, आणि तो इशारा फाइलने नको, सॉकेटने द्यायचा, वाचणाऱ्याने दर वेळी नव्याने उघडायचं.

'फाइल अजून नाही' ही माहितीसुद्धा कॅशेत राहते. फाइल येण्याची वाट बघणारा प्रोग्रॅम हमखास यात अडकतो. त्यासाठी माउंटला 'लुकअपकॅशे=पॉझिटिव्ह' द्या, किंवा टेस्टचा टाइमआउट ६० सेकंदांच्या वर न्या.

माउंटला नोएसी हा पर्याय लावून सगळं सुटतं असं पुष्कळ जण सांगतात. माहितीची कॅशे बंद होते खरी, पण प्रत्येक लिखाण सर्व्हरपर्यंत जाऊन येतं. चाळीस पीसींच्या लॅबमध्ये सर्व्हर आडवा होतो. निदान करताना एका मशिनवर लावून बघा. टेस्ट त्याने पास झाली तर कारण कॅशे हे ठरलं. मग नोएसी काढा आणि टेस्ट सुधारा.

दोन पीसी हाताशी नसले की एकाच पीसीवर तोच एक्सपोर्ट दोन ठिकाणी माउंट करून 'दोन क्लायंट' केले जातात. डिफॉल्टने दोन्ही माउंट एकच कॅशे वापरतात, म्हणून टेस्ट पास होते आणि सिद्ध काहीच होत नाही. 'नोशेअरकॅशे' द्या, किंवा दोन व्हर्च्युअल मशिन घ्या. सर्व्हरही त्याच मशिनवर असेल तर घड्याळाचा फरकही झाकला जातो.

आयनोटिफायची (फाइल बदलली की प्रोग्रॅमला कळवणारी लिनक्सची सोय) आशा सोडा. दुसऱ्या क्लायंटने केलेला बदल इथल्या आयनोटिफायला कळत नाही.

घड्याळ

'सुरुवातीची वेळ घे, फाइल लिही, एमटाइम सुरुवातीपेक्षा मोठा आहे का बघ.' एमटाइम म्हणजे फाइल शेवटची बदलल्याची वेळ. लोकल डिस्कवर बरोबर. एनएफएसवर सुरुवात क्लायंटच्या घड्याळाची आणि एमटाइम सर्व्हरच्या घड्याळाचा. सर्व्हर दोन सेकंद मागे असला की फेल. 'टच एक्स, स्टॅट -सी %वाय एक्स, डेट +%एस' (वाय कॅपिटल, एस स्मॉल) एका ओळीत चालवा, शेवटच्या दोन आकड्यांत फरक दिसला तर कारण सापडलं. मेक 'क्लॉक स्क्यू' असा इशारा देतं तो याच कारणाने.

टेस्टमध्ये संदर्भाची वेळही त्याच डिरेक्टरीत खुणेची फाइल तयार करून तिच्या एमटाइमवरून घ्या. दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या होतात. एटाइमवरच्या (शेवटच्या वाचनाची वेळ) अटी काढूनच टाका. वाचन क्लायंटच्या कॅशेतून झालं तर सर्व्हरला ते कळतच नाही, आणि नोएटाइम, रेलएटाइम हे पर्याय लिनक्सच्या एनएफएस माउंटवर काही करत नाहीत.

लॅबला इंटरनेट बंद असेल तर बाहेरचा वेळ-सर्व्हर मिळत नाही आणि जुन्या पीसीतला सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ भलत्याच सालात जातं. फाइल सर्व्हरवरच क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) चालवा: 'लोकल स्ट्रॅटम १०' आणि 'अलाउ' पुढे लॅबचं सबनेट. पीसींवर 'सर्व्हर', त्याचा पत्ता आणि 'आयबर्स्ट', शिवाय 'मेकस्टेप १ ३'. 'क्रोनीसी ट्रॅकिंग'ने फरक दिसतो.

लॉक, आणि एकाच नावाचे चाळीस पीसी

लिनक्स २.६.१२ पासून एनएफएसवरचा फ्लॉक (पूर्ण फाइल लॉक करणारा कॉल) हा आतून पूर्ण फाइलवरचा बाइट-रेंज लॉक असतो. म्हणून वाचण्यापुरत्या उघडलेल्या फाइलवर एक्सक्लुझिव्ह फ्लॉक मागितला तर ईबॅडएफ (९). फाइल लिहिण्यासाठीही उघडा. लोकल डिस्कवर फ्लॉक आणि एफसीएनटीएल (बाइट-रेंज लॉकचा कॉल) एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, एनएफएसवर भिडतात. एकाच फाइलवर दोन्ही वापरणाऱ्या टेस्ट वेगळ्या करा.

पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असते, सर्व्हर रीबूट होतो, आणि लगेच चालवलेली लॉकची टेस्ट दीड मिनिट थिजते. हा बिघाड नव्हे. जुन्या क्लायंटना आपले लॉक परत मागता यावेत म्हणून सर्व्हर डिफॉल्टने ९० सेकंद नवे लॉक देत नाही, आणि व्हर्जन ४ मध्ये नवं ओपनही अडतं. टेस्टसाठीच्या सर्व्हरवर एनएफएस.कॉन्फच्या एनएफएसडी विभागात लीज-टाइम आणि ग्रेस-टाइम १५ करा; १० च्या खाली जाता येत नाही. सगळ्यांच्या होमच्या सर्व्हरवर मात्र ९० राहू द्या.

आता खरा छळणारा प्रकार. लॉक अधूनमधून आपोआप सुटतात, लिहिताना ईआयओ येतो, आणि हे फक्त दोन-चार जण एकाच वेळी बसलेले असताना. एकट्याने तपासलं तर सगळं सुरळीत. अशा वेळी आधी होस्टनेम बघा. लॅबचे पीसी एकाच डिस्क-इमेजवरून क्लोन केलेले असतात आणि सगळ्यांचं नाव 'उबुंटू' किंवा 'लोकलहोस्ट' असतं. व्हर्जन ४.१ पासून लिनक्सचा क्लायंट सर्व्हरला आपली ओळख होस्टनेमवरून देतो. दुसरा पीसी त्याच नावाने आला की सर्व्हर समजतो, पहिलाच रीबूट होऊन आला. आणि पहिल्याचे लॉक व उघड्या फाइलींची नोंद काढून टाकतो. पहिला पुन्हा जोडतो, दुसऱ्याची नोंद जाते. अशी ओढाताण चालू राहते.

सर्व्हरवर /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स या डिरेक्टरीत प्रत्येक क्लायंटची इन्फो नावाची फाइल असते (कर्नल ५.३ पासून). तिथे ओळख-नाव आणि पत्ता दोन्ही दिसतात. चाळीस पीसी चालू असताना नोंदी मोजक्याच आणि नाव एकच, तर निदान पक्कं. 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम लॅब-०७' अशी वेगवेगळी नावं देऊन रीबूट करा. नावं बदलणं शक्य नसेल तर मॉडप्रोबच्या कॉन्फिग-डिरेक्टरीत एनएफएस मॉड्यूलला 'एनएफएस४_युनिक_आयडी' हा पर्याय प्रत्येक पीसीसाठी वेगळा द्या. मशिन-आयडी फाइलवरून तो बनवणार असाल तर आधी तीही क्लोनमधून एकसारखी आलेली नाही ना, ते बघा.

डिस्क भरल्याची टेस्ट

इथे बहुधा कोडच चुकलेला असतो. लोकल डिस्कवर जागा संपली की राइट कॉललाच एरर मिळतो. एनएफएसवर राइट क्लायंटच्या मेमरीत जाऊन यशस्वी म्हणतो; ईनोस्पेस (२८) किंवा कोट्याचा ईडीकोट (१२२) पुढे एफसिंकला किंवा क्लोजला येतो. सी-मध्ये एफक्लोजचं उत्तर न बघणं, गोमध्ये 'डिफर एफ.क्लोज' लिहून एरर टाकून देणं, सी++ मध्ये ओएफस्ट्रीम आपोआप बंद होऊ देणं, या तिन्ही सवयींत फाइल अर्धी राहते आणि प्रोग्रॅम 'सेव्ह झालं' म्हणतो. पायथनच्या विथमध्ये बाहेर पडताना एक्सेप्शन येतं, ते पकडलं जातंय का पाहा. टेस्टने राइट, एफसिंक, क्लोज या तिन्हींपैकी कुठेही आलेला एरर मान्य करावा. कुठेच आला नाही तर फेल.

त्यासाठी सर्व्हरवर ६४ एमबीची फाइल बनवून तिच्यात ईएक्सटी४ करा, लूपने माउंट करा आणि तोच माउंट एक्सपोर्ट करा. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखतं, तेव्हा साध्या युजरला ती थोडी आधीच भरलेली दिसेल.

परवानग्या, नावं आणि बाकी किरकोळ

सुडोने चालवलेली टेस्ट ७०० परवानगीच्या होममध्ये ईअ‍ॅक्सेस (१३) देते, कारण रूट_स्क्वॉशमुळे क्लायंटचा रूट सर्व्हरवर नोबडी ठरतो. टेस्ट साध्या युजरने चालवा. युजर सोळापेक्षा जास्त ग्रुपांत असेल तर सोळाच्या पुढचे सर्व्हरला कळत नाहीत. सर्व्हरच्या माउंटडीला मॅनेज-जीआयडीएस द्या.

फॅलोकेट, फाइलला भोक पाडणं आणि सीक-होल यांना व्हर्जन ४.२ लागतं; त्याखाली पहिल्या दोघांना 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' (९५) येईल, सीक-होल मात्र एरर न देता पूर्ण फाइलला डेटाच मानतं. युजर-डॉट एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट कर्नल ५.९ पासून. इथे वगळणं योग्य, पण ९५ आल्यावरच वगळा.

मराठी-कन्नड फाइलनावांची टेस्ट आपल्याकडे हवीच. नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी किंवा कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे ८५ चिन्हं, मात्रा-वेलांट्या धरून. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची असते, म्हणून तिथे चाललेलं लांब नाव सर्व्हरवर ईनेमटूलाँग (३६) देतं. 'वाऱ्याची'मधला ऱ एका कोडचाही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. दिसायला एक, लिनक्सला दोन वेगळी नावं. तुलना करण्याआधी दोन्ही एनएफसीत (युनिकोडचं ठरलेलं जोडरूप) आणा.

एरर तपासताना मजकूर जुळवू नका, क्रमांक जुळवा; मशिनची लोकेल मराठी, कन्नड किंवा इंग्रजी काहीही असू शकते. डिरेक्टरीतल्या नावांचा क्रमही गृहीत धरू नका, एलसी_ऑल=सी ठेवून सॉर्ट करून मग तुलना करा.

फाइल सिस्टिमच तपासायची असेल तर

एक्सएफएसटेस्ट्स हा फाइल सिस्टिमच्या टेस्टचा तयार संच वापरा. लोकल.कॉन्फिगमध्ये एफएसटीवायपी=एनएफएस, टेस्ट_डेव्ह आणि स्क्रॅच_डेव्हला 'सर्व्हर:/पाथ', शिवाय दोन्हींच्या माउंट डिरेक्टऱ्या. मग './चेक -एनएफएस -जी क्विक'. एनएफएसवर एमकेएफएस (नवी फाइल सिस्टिम बनवणं) होत नाही, म्हणून स्क्रॅचमधल्या फाइली पुसूनच ते रिकामं केलं जातं. होम डिरेक्टऱ्यांचा एक्सपोर्ट तिथे चुकूनही देऊ नका. बऱ्याच टेस्ट 'नॉट रन' येतील, ते फेल नव्हे. माहीत असलेली फेल -ई (कॅपिटल) पर्यायाच्या वगळ-यादीत टाका आणि प्रत्येक नावासमोर हॅश देऊन कारण लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी ती यादी कोणालाच कळणार नाही. पीजेडीएफएसटेस्ट या दुसऱ्या संचाला रूट लागतो. त्याच्यासाठी नो_रूट_स्क्वॉश द्यायचं ते वेगळ्या एक्सपोर्टवर, आणि टेस्ट चालवणाऱ्या एकाच पीसीच्या पत्त्यापुरतं.